न्यूनगंडाचा उपचार : बंगळूरची वाटचाल

‘न्यूनगंड’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की तो विसाव्या शतकात एका परकीय संकल्पनेसाठी घडवलेला शब्द आहे, याचे भान सहसा राहत नाही. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलरने १९११ साली फ्रॉइडपासून फारकत घेतली. मनुष्याच्या मनोव्यापाराच्या मुळाशी न्यूनत्वाची भावना आणि तिच्यावर मात करण्याची धडपड असते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच्या परिभाषेचा हा मराठी अवतार शाळामास्तरांपासून नाट्यसमीक्षकांपर्यंत सर्वांच्या तोंडी बसला. मात्र शब्द जितक्या सहजतेने आला तितक्या सहजतेने उपचार आला नाही. न्यूनगंड हा स्वभावदोष समजला गेला. बुजरा, घुमा, भिडस्त अशी त्याला घरगुती विशेषणे मिळाली, आणि त्यावरचे औषध म्हणजे उपदेश, नाहीतर टोमणा, अशीच बहुतेक घरांची समजूत राहिली.

स्वतःविषयीची ही हीन भावना बोलून, ऐकून घेऊन, विचारांची पद्धतशीर तपासणी करून दूर होऊ शकते, ही कल्पना भारतात कोणत्या वाटेने आली हे पाहायचे तर बंगळूरकडे वळावे लागते. मराठी माणसाच्या इतिहासस्मृतीत बंगळूर हे प्रामुख्याने शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे आहे. १६३८ साली केंपेगौडांच्या वंशजाकडून ते आदिलशाही फौजेने घेतले आणि पुढे शहाजीराजांच्या दरबाराने तेथे मराठी, संस्कृत व कन्नड यांचा संगम पाहिला. याच शहराला विसाव्या शतकात वेगळ्या प्रकारचे राष्ट्रीय महत्त्व आले. मनाच्या आजारांविषयी भारतीय वैद्यकाने जो विचार केला, त्याचा मोठा भाग येथे घडला.

या विचाराचा आरंभ मात्र मुळीच आशादायक नव्हता. १८४७ साली चार्ल्स आयर्व्हिंग स्मिथ या शल्यचिकित्सकाच्या पुढाकाराने बंगळूरात वेड्यांसाठी आश्रयालय स्थापन झाले. त्या काळातील इतर आश्रयालयांप्रमाणे हेही उपचारापेक्षा बंदोबस्तासाठीच अधिक होते. समाजाला ज्यांचा उपद्रव होतो, किंवा ज्यांना सांभाळणारे कोणी नाही, त्यांना एका भिंतीआड ठेवावे, हा त्यामागील हेतू होता. १९१२ च्या कायद्याचे नावच ‘लुनसी ॲक्ट’ होते. मनातल्या मनात स्वतःला तुच्छ मानणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा मनुष्य अशा ठिकाणी जाणे शक्यच नव्हते. त्या दारातून आत पाऊल टाकणे म्हणजे उरलीसुरली प्रतिष्ठा गमावणे होते. मनोपचारांविषयी जी भीती आणि लाज आजही घराघरांत आढळते, तिची मुळे अज्ञानात आहेत हे खरे. पण ती या संस्थांच्या प्रत्यक्ष इतिहासातही आहेत, हे विसरता येत नाही.

१९२० नंतरच्या दशकात म्हैसूर संस्थानात दोन गोष्टी घडल्या. ब्रजेंद्रनाथ सील कुलगुरू असताना, १९२४ साली, म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. कलकत्त्यानंतरचा तो देशातील दुसरा विभाग होता, आणि त्याची धुरा लंडनहून शिकून आलेल्या एम. व्ही. गोपालस्वामी यांच्याकडे आली. हेच गोपालस्वामी पुढे १९३५ साली स्वतःच्या घरी ‘आकाशवाणी’ या नावाचे नभोवाणी केंद्र चालवू लागले, म्हणून ते अधिक प्रसिद्ध आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे १९२५ साली बंगळूरच्या आश्रयालयाचे नाव बदलून ‘मेंटल हॉस्पिटल’ करण्यात आले. नाव बदलल्याने भिंती बदलत नाहीत, हे खरेच. तरीही ज्याला कोंडायचे तो वेडा आणि ज्याला बरे करायचे तो रुग्ण, एवढा फरक त्या नामांतराने सरकारदरबारी मान्य केला. पुढच्या दशकात, १९३० नंतर, हे रुग्णालय होसूर रस्त्यावरील विस्तीर्ण मोकळ्या जागेत गेले आणि त्याला बागा, प्रशस्त ओसऱ्या व वेगवेगळे कक्ष लाभले.

डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी यांच्या कारकिर्दीत या रुग्णालयाला शास्त्रीय प्रतिष्ठा प्राप्त झाली. परंतु तो काळ शरीरमार्गी उपचारांचा होता. इन्सुलिन, विजेचे झटके, मेंदूवरील शस्त्रक्रिया यांच्यावर जगभरच्या तज्ज्ञांची भिस्त होती आणि बंगळूरही त्याला अपवाद नव्हते. मेंदूच्या अग्रभागावरील शस्त्रक्रियेचा भारतीय रुग्णांवर आलेला अनुभव गोविंदस्वामी आणि त्यांचे सहकारी बालकृष्ण राव यांनी १९४४ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आज त्या शस्त्रक्रियेचे नाव उच्चारतानाही संकोच होतो. पण ज्या रुग्णालयात काही करता येत नाही अशीच समजूत होती, तेथे काही करून पाहण्याची तळमळ त्यामागे होती, हेही नोंदवले पाहिजे. जे त्या काळी नव्हते ते एवढेच की रुग्णाने स्वतःविषयी काय मानले आहे, हे विचारण्याची रीत.

ती रीत शिकवण्याची सोय १९५४ नंतर झाली. भोर समितीने १९४६ च्या अहवालात मानसिक आरोग्याच्या शिक्षणासाठी अखिल भारतीय संस्था असावी अशी शिफारस केली होती. तिला अनुसरून १९५४ साली बंगळूरच्या रुग्णालयाच्या शेजारीच ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ’ उभी राहिली आणि गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक झाले. १९५५ पासून तेथे मनोविकारतज्ज्ञांबरोबरच चिकित्सा-मानसशास्त्रज्ञही घडू लागले. ही घटना वरवर अभ्यासक्रमाची दिसते, पण तिचा अर्थ खोल आहे. हातात औषधाची बाटली नसलेला, केवळ बोलण्या-ऐकण्याचे शिक्षण घेतलेला मनुष्यही उपचारक असू शकतो, हे या देशाने येथे मान्य केले. १९७४ च्या २७ डिसेंबरला रुग्णालय आणि संस्था यांचे विलीनीकरण होऊन जी संस्था निर्माण झाली, ती ‘निम्हान्स’ या नावाने सर्वपरिचित आहे.

बोलण्याचा उपचार सुरू झाला, पण तो पश्चिमेत घडलेल्या सूत्रांनुसार. तेथील सूत्र असे की रुग्ण बोलेल, उपचारक बहुतांशी गप्प राहील आणि रुग्णाला आपल्या अंतर्मनाचे कोडे आपोआप उलगडेल. बंगळूरच्या डॉ. एन. सी. सूर्य आणि एस. एस. जयराम यांनी १९६४ साली एका छोट्या निबंधात या सूत्राला हात घातला. त्यांचे निरीक्षण असे होते की भारतीय रुग्ण अंतर्मनाच्या स्पष्टीकरणांपेक्षा प्रत्यक्ष आधाराला लवकर प्रतिसाद देतो. उपचारकाकडून तो अधिक वेळ, अधिक जवळीक हक्काने मागतो, आणि उपचारकाला घरातील वडीलधाऱ्याच्या जागी बसवतो. हे निरीक्षण आज वाचताना साधे वाटते. परंतु ज्या काळात भारतीय तज्ज्ञ आपल्या रुग्णाला पाश्चात्त्य रुग्णाच्या मापाने मोजून ‘अपक्व’ ठरवत होते, त्या काळात मापच तपासून पाहण्याचे धैर्य त्यात होते. न्यूनगंडाचा उपचार करू पाहणारे शास्त्रही परक्या मापाने स्वतःला उणे लेखत होते, आणि त्याला प्रथम स्वतःच्या न्यूनगंडातून बाहेर पडावे लागले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वडीलधाऱ्याची ही भूमिका स्वीकारण्यात एक धोकाही होता. स्वतःला कमी लेखणारा मनुष्य मुळातच दुसऱ्याच्या निर्णयावर जगत असतो. उपचारकच त्याचा नवा वडीलधारा झाला तर परावलंबन तेवढे दृढ व्हायचे. डॉ. जे. एस. नेकी यांनी १९७३ साली गुरू-शिष्य नात्याचा उपचारासाठी विचार मांडला, तो या संदर्भात महत्त्वाचा आहे. आपल्या परंपरेतला खरा गुरू शिष्याला कायमचा पायाशी बसवून ठेवत नाही. तो जवळीक देतो, आज्ञाही करतो, पण शिष्याने स्वतःच्या पायांवर उभे राहावे हाच त्याचा हेतू असतो. प्रारंभी आधार आणि शेवटी स्वातंत्र्य, हा क्रम भारतीय मनाला परका नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरा बदल कुटुंबाच्या बाबतीत झाला. अमृतसरच्या रुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि उपचारांत सामील करून घेतले. हाच विचार बंगळूरमध्ये पुढे जाऊन १९७७ साली स्वतंत्र कुटुंब-मनोविकार केंद्र सुरू झाले. न्यूनत्वाच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष मोलाची आहे. स्वतःला कमी लेखण्याचा पहिला धडा बहुधा घरातच गिरवला जातो. थोरल्या भावाशी केलेली तुलना, रंगावरून मारलेली हाक, गुणपत्रिकेवरचा तो शेरा. ज्या तोंडांनी हे वर्षानुवर्षे सांगितले, त्यांना समोर बसवून त्यांच्या तोंडी दुसरी भाषा घालण्याचा प्रयत्न कुटुंब-उपचारात होतो. एकट्या रुग्णाला सुधारून पुन्हा त्याच घरात पाठवणे पुरेसे नाही, हे यातून मान्य झाले.

रुग्णालयाच्या भिंतीबाहेरही शहरात काही प्रयत्न उभे राहिले. ‘मेडिको-पास्टोरल असोसिएशन’ ही संस्था १९६४ पासून काम करू लागली. १९७९ साली सुरू झालेल्या ‘आत्मशक्ती विद्यालया’त एरिक बर्नच्या पद्धतीचा आधार घेण्यात आला. प्रत्येकाच्या मनात पालक, प्रौढ आणि बालक असे तीन आवाज असतात, आणि रागावणाऱ्या पालकाचा आवाज इतरांना गिळून बसला की मनुष्य आयुष्यभर अपराधी मुलासारखा वागतो, अशी ती मांडणी आहे. १९८६ साली ‘रिचमंड फेलोशिप’चे काम येथे सुरू झाले. रुग्णालय सोडल्यानंतर आणि समाजात परतण्याआधी जो मधला काळ असतो, त्यात स्वयंपाक, बाजारहाट, हिशेब यांसारखी जबाबदारी पुन्हा हाती देणे, हा अशा निवासांचा गाभा होता. प्रशंसेच्या शंभर वाक्यांनी जे होत नाही ते आपल्यावर कोणीतरी किल्ल्या सोपवल्या आहेत या अनुभवाने होते, हे तेथील कामाचे सार म्हणता येईल.

या काळात पश्चिमेतही आत्मसन्मानाचे शास्त्र पुढे गेले होते. विल्यम जेम्सने १८९० साली आत्मसन्मान म्हणजे यशाला अपेक्षेने भागून येणारे उत्तर, असे गणित मांडले होते. १९६५ साली मॉरिस रोझेनबर्गने दहा विधानांची मोजपट्टी तयार केली. आरन बेकने खिन्नतेच्या मुळाशी असलेल्या विचारांचा अभ्यास केला, आणि मेलनी फेनेल यांनी १९९७ साली न्यूनत्वाच्या भावनेसाठी त्याच पद्धतीची स्वतंत्र मांडणी केली. अल्बर्ट एलिस यांनी तर जेम्सचे गणितच नाकारले. त्यांच्या मते स्वतःची किंमत ठरवू पाहणे हीच मूळ चूक आहे. कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. परीक्षेत नापास झालो, हे विधान खरे असू शकते. म्हणून मी नापास माणूस आहे, हे विधान निरर्थक आहे. एलिस यांचा हा विचार महाराष्ट्रात मुंबईच्या किशोर फडके यांनी नेटाने रुजवला, आणि ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने तो मराठी श्रोत्यांच्या ओळखीचा केला.

मराठी मनाला या विचारात एक विलक्षण सोय आहे. ‘मी गुणी आहे, माझा मला अभिमान वाटतो’ असे म्हणणे आपल्या कानाला खटकते. समर्थ रामदासांनी आत्मस्तुतीची गणना मूर्खाच्या लक्षणांत केली आहे, आणि मराठी घरात ती शिकवण फार खोलवर मुरलेली आहे. त्यामुळे स्वतःची प्रशंसा करण्याचा व्यायाम सांगणारा उपचार अनेकांना उथळ वाटतो, आणि सोडून दिला जातो. स्वतःची स्तुती करू नका आणि निंदाही करू नका, न्यायासनावरूनच खाली उतरा, हे म्हणणे मात्र त्याच संस्कारातून आलेल्या मनाला समजते.

हा उपचार प्रत्यक्षात कसा चालतो, हे एका नेहमीच्या प्रकारच्या उदाहरणाने पाहता येईल. बेळगाव किंवा बीदर भागातून मराठी वा कन्नड माध्यमात शिकलेला एखादा तरुण बंगळूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल होतो. वर्गातील इंग्रजीपुढे त्याची जीभ अडखळते. तो शेवटच्या बाकावर बसतो, प्रश्न विचारत नाही, विचारत नाही म्हणून विषय कळत नाही, कळत नाही म्हणून गुण घसरतात, आणि घसरलेले गुण ‘आपण येथे बसण्याच्या लायकीचे नाही’ या समजुतीचा पुरावा ठरतात. उपचारक प्रथम हे वर्तुळ त्याच्यासमोर कागदावर मांडतो. मग त्याचा अलिखित नियम शोधला जातो : ‘एकही चूक केली नाही तरच लोक मला मानतील.’ हा नियम कोठून आला, हेही विचारले जाते. त्यानंतर छोटे प्रयोग ठरतात. आठवड्यातून एकदा वर्गात एक प्रश्न विचारायचा, मुद्दाम तुटक्या इंग्रजीत, आणि लोक खरोखर हसतात का ते लिहून ठेवायचे. बहुतेक वेळा कोणी हसत नाही. क्वचित कोणी हसले तरी त्याने आकाश कोसळत नाही. असे काही आठवडे, कधी काही महिने, चालते. यात चमत्कार नाही. वर्षानुवर्षे एकाच साक्षीदारावर चाललेल्या खटल्यात दुसरे साक्षीदार बोलावण्याचे हे चिकाटीचे काम आहे.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. ज्याला समाजानेच हीन ठरवले आहे, त्याच्या न्यूनत्वाला मनाचा दोष म्हणावे काय? महात्मा फुल्यांनी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राच्या कितीतरी आधी दिले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, तो पाण्याचा हक्क होता तसाच आत्मसन्मानाचा उच्चारही होता. तमिळ प्रदेशात १९२५ साली पेरियारांनी चालवलेल्या चळवळीचे नावच स्वाभिमानाचे होते. खुद्द म्हैसूर संस्थानात १९१८ साली मिलर समिती नेमली गेली, ती सरकारी नोकऱ्यांत मागे ठेवलेल्या जातींना स्थान मिळावे म्हणून. उपचारकाच्या खोलीत अन्यायाचे निवारण होत नाही, आणि तसा दावा करणारा उपचारक रुग्णाची फसवणूक करतो. मात्र अन्याय बाहेर आहे, तो आपल्या लायकीचा पुरावा नव्हे, एवढा भेद मनाशी पक्का झाला, तर त्या अन्यायाशी झुंजण्याचे बळही येते. चळवळ आणि उपचार यांची कामे वेगळी आहेत. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये, एवढेच.

बंगळूरच्या अनुभवाचे मोल शेवटी तो किती जणांपर्यंत पोहोचला यावर ठरेल. निम्हान्सच्या साहाय्याने १९८५ साली बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मानसिक उपचार देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि १९९६ साली आखलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला तो नमुना ठरला. दुसरीकडे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगासाठी निम्हान्सने केलेल्या १९९९ च्या पाहणीत देशातील अनेक मनोरुग्णालयांचा कारभार अजून बंदोबस्ताच्या वळणावरच असल्याचे आढळले. निम्हान्सनेच २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारावाचून होते. न्यूनत्वाची भावना ही या गणनेत स्वतंत्र विकार म्हणून येतही नाही. खिन्नतेच्या लक्षणांत तिची नोंद होते. एरवी ती कोणत्याही तक्त्याबाहेर राहून माणसाचे शिक्षण, नोकरी, विवाह यांचे निर्णय करत असते. महानगरांतील आत्महत्यांच्या सरकारी नोंदींत बंगळूरचे नाव वर्षानुवर्षे वरच्या रांगेत येते, हेही या शहराला विसरता येत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरण्याची तरतूद केली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचे मध्यवर्ती केंद्र निम्हान्समध्ये आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत अहोरात्र बोलता येते. १८४७ साली त्या दारातून आत जाणाऱ्याला आपले नाव, गाव आणि घर गमवावे लागत असे. आज आपल्या घरात बसून, नाव न सांगता, स्वतःच्या भाषेत बोलता येते, आणि पलीकडे ते ऐकण्याचे शिक्षण घेतलेले कोणीतरी असते. पहिले वाक्य उच्चारण्याचे धैर्य मात्र अजूनही ज्याचे त्यालाच करावे लागते; ते त्याने करावे म्हणून त्याच्या घराने टोमणा आवरावा, एवढी अपेक्षा या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाने ठेवली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.